टँकमधल्या गोगलगायी परत परत का येतात, आणि काढलेल्या गोगलगायी नदीत का जाऊ द्यायच्या नाहीत

"सगळ्या वेचून काढल्या, टँक रिकामा करून घासला, तरी महिन्याभरात काचेवर पुन्हा पाच-सहा दिसायला लागल्या." घरात फिशटँक किंवा गच्चीत कमळाची कुंडी असलेल्या ओळखीच्यांकडून हे मी दर पावसाळ्यात ऐकते. मी स्वतः तीन वर्षं याच चक्रात होते. पुण्यात कोथरूडच्या आमच्या घरी 60 लिटरचा एक टँक आहे आणि गच्चीवर कमळाच्या दोन कुंड्या. तिन्ही ठिकाणी नखाएवढ्या तपकिरी गोगलगायींनी मला जेरीस आणलं होतं. आता दीड वर्ष टँकमध्ये एकही नाही. काय चुकत होतं आणि कशाने थांबलं, ते सविस्तर सांगते.

आधी कोणती आहे ते बघा

सरसकट "गोगलगायी झाल्यात" म्हणून उपाय सुरू केला तर निम्मी मेहनत वाया जाते. एक गोगलगाय तळहातावर घ्या. शंखाचं टोक वर आणि उघडं तोंड तुमच्याकडे असं धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर ती फायसा, पूर्ण नाव फायसेला अक्यूटा. बहुतेक गोगलगायींचे शंख उजव्या बाजूला उघडतात, त्यामुळे ही एकच खूण पुरते. शंख पातळ आणि चकचकीत असतो, उजेडात धरला तर आतल्या अंगावरचे सोनेरी ठिपके दिसतात. शंखाला झाकण नसतं. गोगलगायीच्या मानाने ती बरीच भरभर चालते आणि पुष्कळदा पाण्याच्या पृष्ठभागाला खालून उलटी चिकटून सरकत जाते. पुण्यात लोक माझ्याकडे ज्या गोगलगायी दाखवायला आणतात, त्यांतल्या बहुतेक हीच असतात.

ही आपल्याकडची नाही. 1805 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते फ्रान्सच्या गारोन नदीतल्या गोगलगायींवरून, त्यामुळे दीर्घकाळ ती युरोपचीच समजली जात होती. उत्तर अमेरिकेत तशाच दिसणाऱ्या गोगलगायींना तोवर वेगवेगळी नावं पडली होती. दोन्हीकडच्या गोगलगायींचा संकर करून पाहिला तेव्हा त्या एकच निघाल्या, आणि ते संशोधन 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. आज तिचं मूळ उत्तर अमेरिकेत मानतात. म्हणजे शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं त्याच्या आधीच ती समुद्र ओलांडून गेली होती. आता अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात ती आहे, भारतातही.

शंख चकलीसारखा सपाट गुंडाळलेला असेल तर ती रॅम्सहॉर्न. आपल्या तळ्या-डबक्यांतली मोठी, तपकिरी चकली म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस, ती इथलीच. दुकानात मिळणारी तांबडी-गुलाबी मात्र अमेरिकेतून आलेली. स्क्रूसारखा लांबट, टोकदार शंख असेल आणि दिवसा वाळूत गडप होऊन रात्री बाहेर येत असेल, तर ती मेलानॉइड्स. दुकानदार तिला ट्रम्पेट स्नेल म्हणतात. आशिया-आफ्रिकेतली ही गोगलगाय आपल्या नदी-तळ्यांची जुनी रहिवासी आहे. अमेरिकेतल्या झऱ्यांमध्ये मात्र हीच उपरी ठरली, आणि तिथले लोक आपल्याकडून गेलेल्या या गोगलगायीने हैराण आहेत. कुठली गोगलगाय उपद्रवी, हे ती कुठे आहे त्यावर ठरतं.

चौथी मोठी, सोनेरी-पिवळी, लिंबाएवढी. तिला मिस्ट्री स्नेल किंवा अ‍ॅपल स्नेल म्हणून लोक हौसेने विकत आणतात. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, कारण मला खरी काळजी तिची वाटते.

ती येते कुठून

पाण्यात आपोआप गोगलगाय होत नाही. आमच्या शेजारच्या काकांचं ठाम मत होतं की खडकवासला धरणाच्या पाण्यातूनच नळाने येतात. गाळून, क्लोरीन घालून येणाऱ्या पाण्याला दोष देण्याआधी टँकमध्ये शेवटची नवी वनस्पती कधी घातली ते आठवून बघा. माझ्या वहीत मी ते मागे जाऊन तपासलं. तिन्ही वेळा नवी व्हॅलिस्नेरिया किंवा मॉस आणल्यानंतर पाच-सहा आठवड्यांत पहिली गोगलगाय दिसली होती.

वनस्पती आणताना आपण पानं वरवर बघतो आणि शंख नाही म्हणून निश्चिंत होतो. पण शंख येतच नाही, अंडी येतात. एक प्रयोग करा. नव्या वनस्पतीचं पान उलटं करून पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, आडवा मारा. वरून उजेड पाडला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात पानाच्या शिरेलगत साबुदाण्याच्या खिरीचा थेंब सांडून थिजल्यासारखा एक चिकट, पारदर्शक पट्टा चमकतो. त्यात मोहरीहूनही बारीक दाणे ओळीने बसलेले असतात. चार-पाच दिवसांनी बघितलं तर प्रत्येक दाण्यात एक ठिपका हळूहळू फिरताना दिसतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा व्हॅलिस्नेरियाच्या एकाच पानावर असे तीन पट्टे होते, आणि ती वनस्पती मी आदल्या दिवशी नळाखाली चांगली दोन मिनिटं धुतली होती. धुण्याने ते सुटत नाहीत. नखाने खरवडावे लागतात.

पुण्याच्या हवेत ही अंडी साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत ती पिल्लं स्वतः अंडी घालू लागतात. फायसाच्या अंगात नर आणि मादी दोन्ही असतात. जोडीदार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर ती स्वतःच स्वतःची अंडी फळवते. म्हणून "एकच तर राहिलीय" हे समाधान खोटं असतं. एक राहिली म्हणजे सगळं परत सुरू. मेलानॉइड्सची तऱ्हा निराळी. तिच्या माद्या बहुतेक वेळा नराशिवायच पुनरुत्पादन करतात आणि थेट पिल्लंच देतात, तेव्हा पानावर अंडी शोधून उपयोग नाही, वाळूच बघावी लागते.

दुसरी वाट आपल्या हातातली. एकच जाळी दोन टँकना, गच्चीवरच्या कुंडीत बुडवलेला मग टँकमध्ये, मित्राकडून आणलेला जुना फिल्टर. माझ्याकडे शिवाय दोनदा टँक पूर्ण साफ होऊनही पुन्हा लागण झाली ती कमळाच्या कुंडीतून, त्या एका हिरव्या मगाने. तो मग आता कायमचा गच्चीवर असतो.

पाषाणच्या किंवा कात्रजच्या तळ्यावरून हायड्रिला उपटून आणणारेही आहेत. कृपा करून आणू नका. उघड्या तळ्यातल्या गोगलगायींच्या अंगात परजीवी जंतूंचे टप्पे वाढत असतात. गुरांच्या नाकातल्या आजाराचा जंतू आपल्याच इंडोप्लॅनॉर्बिसमधून पसरतो. गोगलगायींमार्फत माणसाला होणाऱ्या शिस्टोसोमियासिस या परजीवी आजाराचे रुग्ण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात आढळले होते, 1952 साली ते नोंदले गेले. घरच्या टँकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगायींना हा धोका जवळजवळ नाही, कारण जंतूला लागणारं जनावर तिथे नसतं. तळ्यातून आणलेल्या वनस्पतीबद्दल तसं म्हणता येत नाही.

औषधाने काय झालं

तिसऱ्या वेळी मी वैतागून एका दुकानातून गोगलगायी मारण्याचं औषध आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, झाकणभर टाका, सकाळपर्यंत सगळ्या साफ." सकाळी त्या खरंच मेल्या होत्या. तळाशी, खड्यांच्या फटीत, फिल्टरमागे, दोनेकशे तरी असतील. पाणी दुधट झालं होतं आणि कुजकट वास येत होता. नऊ टेट्रा माशांपैकी सहा उलटे तरंगत होते, बाकीचे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होते.

मी आधी औषधाच्या विषाला दोष दिला. पण मासे मुख्यतः अमोनियाने गेले. एवढ्या गोगलगायी बंद पाण्यात एकदम कुजल्या की अमोनिया भराभर चढतो, प्राणवायू उतरतो, आणि फिल्टरमधले जिवाणू तेवढा भार पेलू शकत नाहीत. शिवाय या औषधांत बहुतेक तांबं असतं. ते खड्यांत आणि सिलिकॉनमध्ये मुरतं आणि पुढे कोळंबी ठेवायची म्हटली तर ती टिकत नाही. आणि एवढं होऊनही अंडी शाबूत राहिली. जेलीतली अंडी त्या मात्रेत मरत नाहीत. बाविसाव्या दिवशी काचेवर नवी पिल्लं होती.

आजही कुणी औषध टाकतो म्हणालं तर मी आधी त्या सहा टेट्रांचं सांगते.

थांबवलं ते असं

पहिली गोष्ट खाणं. गोगलगायींची संख्या टँकमधल्या उष्ट्यावर चालते. मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, आठवड्यातून एक दिवस उपास, आणि दर पाणी बदलताना सायफनने खड्यांत खोलवर साचलेला गाळ ओढून घेतला. उरलेलं खाणं नसलं की त्या मरत नाहीत, पण अंडी कमी घालतात. वेचण्याचा वेग त्यांच्या वाढीच्या पुढे जातो तो इथेच.

मग सापळा. रात्री दिवा बंद करण्याआधी काकडीची जाड चकती किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलं कोबीचं पान, काट्याला टोचून तळाशी ठेवायचं. पहाटे दिवा लावण्याआधी हळूच उचलायचं. पहिल्या रात्री माझ्या एका चकतीवर 43 निघाल्या. हे रोज, न चुकता, निदान तीन आठवडे. बहुतेक जण आठवड्यात थांबतात, कारण मोठ्या दिसेनाशा होतात. तेव्हाच आधीच्या अंड्यांतली पिल्लं बाहेर पडत असतात. सापळ्यावर काही आलं नाही तरी आणखी दोन आठवडे चालू ठेवा. रोज दुपारी काचेवरची, हीटरवरची, पाइपच्या तोंडाशी चिकटलेली अंडी जुन्या एटीएम कार्डाने खरवडून लगेच टिपून बाहेर काढा. नुसती खरवडून पाण्यात सोडली तर ती खड्यांत जाऊन फुटतात. फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, त्याच्या भोकांत बारीक पिल्लं असतात.

कमळाच्या कुंड्यांना हा उपाय पुरला नाही, तिथला चिखल फार. शेवटी कंद काढून घासून धुतले, पानं कापून टाकली, माती पसरून मे महिन्याच्या उन्हात दहा दिवस कडकडीत वाळवली. फायसाला झाकण नाही, त्यामुळे ती अशा उन्हात टिकत नाही. झाकण असलेल्या जातींना उन्हाचा भरवसा धरू नका, त्या दार लावून बसतात. मेलानॉइड्स असलेली वाळू मी उकळून घेते.

आणि मुख्य काम, नवी वनस्पती थेट टँकमध्ये घालायची नाही. माझ्याकडे झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा टब आहे. वनस्पती आणली की गाठी सोडायच्या, मुळांभोवतीचा स्पंज फेकायचा, आडव्या टॉर्चने पानं बघायची, मग 5 लिटर पाण्यात तीन मोठे चमचे तुरटीची पूड घालून दोन दिवस बुडवून ठेवायची. तुरटीने पिल्लं आणि मोठ्या मरतात. अंडी सगळी मरतील असं नाही, म्हणून पुढे टबमध्ये साध्या पाण्यात चार आठवडे. त्या काळात अंडी फुटून पिल्लं डोळ्याला दिसण्याएवढी होतात. अनुबियाससारख्या जाड पानांना काही जण ब्लीचचं पाणी देतात, एका भागाला एकोणीस भाग पाणी, दोन मिनिटं, मग भरपूर धुणं. व्हॅलिस्नेरिया आणि मॉस त्यात जळतात. आणि तुरटी आणि ब्लीच एका भांड्यात कधीही एकत्र करू नका, घातक क्लोरीन वायू सुटतो.

गोगलगायी खाणारं काहीतरी आणा, असा सल्ला हमखास मिळतो. दुकानात त्यासाठी असॅसिन स्नेल विकतात. ती आग्नेय आशियातली, स्वतःच हातपाय पसरणारी. सिंगापूरच्या जलाशयात ती बाहेरून येऊन स्थिरावल्याचं आढळलं आहे. एक उपरी हटवायला दुसरी उपरी, हे मला पटत नाही. दुसरा सल्ला झेब्रा लोचचा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा, जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या कुठेच नाही, आणि तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. टँकच्या बाजारासाठी तो नद्यांतून पकडला जातो. काचेवरच्या दहा गोगलगायींसाठी नदीतला तो मासा कमी करण्याएवढी आपली अडचण मोठी नाही. काकडी स्वस्तात येते.

काढलेल्या गोगलगायींचं काय करायचं

इथे मला विनवणी करायची आहे. कमोडमध्ये, बेसिनमध्ये, आंबिल ओढ्यात, रामनदीत, मंदिराच्या विहिरीत सोडू नका. टँकचं पाणीसुद्धा नाल्याच्या जाळीवर ओतू नका, झाडांच्या आळ्यात ओता, वाहून जाणार नाही असं. आपण मुठेत सोडलेलं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उजनीच्या मच्छीमारांना आज जाळ्यात सकर मासा येतो, काटेरी, विकला न जाणारा, जाळी फाडणारा. तो दक्षिण अमेरिकेतला, काच चाटून साफ ठेवतो म्हणून टँकसाठी विकला जाणारा मासा. टँकच्या बाजारातूनच तो नद्यांत पोचला. फायसा घाण पाणी सहज सोसते. जिथे कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या आपल्या गोगलगायींना प्राणवायू पुरत नाही तिथे ती वर येऊन हवा घेते. आपल्या शहराच्या नद्यांची आजची अवस्था तिला मानवणारीच आहे.

बरेच जण वाईट हेतूने सोडत नाहीत. जीव मारायला नको, पाण्यातला जीव पाण्यात जाऊ दे, असं वाटतं. ती भावना मी ओळखते. माझ्या आईने फ्रीजरला हात लावू दिला नाही, नाहीतर डब्यात घालून दोन दिवस गोठवणं सोपं पडतं. म्हणून मी वेचलेल्या वाटीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतते. क्षणात होतं. मग कुंडीच्या मातीत पुरते.

आता ती सोनेरी गोगलगाय. पोमॅशिया वंशातल्या अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात. दुकानात बहुधा मिळते ती तुलनेने गरीब, डिफ्यूझा. पण तिचीच बहीण कॅनालिक्युलाटा हिचा इतिहास भयंकर आहे. 1980 च्या सुमारास ती खाण्यासाठी म्हणून अर्जेंटिनातून तैवानला नेली. लोकांना चव रुचली नाही, बाजार बसला, गोगलगायी पाण्यात सोडून दिल्या गेल्या. तिथून फिलिपीन्स, व्हिएतनाम, चीन, जपान. नुकतं लावलेलं भाताचं रोप ती बुडातून कुरतडते. स्पेनच्या एब्रो नदीच्या मुखाशी भातशेतीत अशी गोगलगाय पसरल्यावर युरोपीय संघाने 2012 मध्ये हा अख्खा वंशच आणायला बंदी केली. दुकानातल्या काचेतून कोणती बहीण आहे ते भल्याभल्यांना सांगता येत नाही.

आपल्या पायला गोगलगायीशीही लोक तिची गल्लत करतात, प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला फाडायला असायची तीच पायला. फरक सोपा आहे. पायलाचं झाकण चुन्यासारखं टणक, पोमॅशियाचं नखासारखं पातळ. पायला पांढरट अंडी काठाच्या ओल्या मातीत घालते. पोमॅशिया पाण्याच्या वर, काचेवर किंवा देठावर, गुलाबी-बदामी मण्यांचा घोस लावते. कॅनालिक्युलाटाचा घोस भडक गुलाबी असतो आणि ती अंडी विषारी असतात, म्हणून पक्षी-मासे त्यांना फारसे हात लावत नाहीत.

मुळशी, मावळ, वेल्ह्याकडे ज्यांचं फार्महाऊस आहे आणि तिथे शोभेचं तळं आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. तुमच्या कुंपणापलीकडे भातखाचरं आहेत. इंद्रायणी भाताची लावणी होते तेव्हा खाचरात घोट्याएवढं पाणी आणि कोवळं रोप असतं, या गोगलगायीला हवं तेच. पावसात तळं भरून वाहिलं की ते पाणी खाचरातूनच खाली उतरतं. 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडच्या शेतकऱ्यांनी सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा हल्ला सोसला. ती जमिनीवरची, जात वेगळी, पण रात्रभरात रोपं नाहीशी होणं म्हणजे काय ते त्यांना विचारा. तुमच्या तळ्यात सोनेरी गोगलगायी असतील तर जून लागायच्या आत हाताने काढा. दर तीन-चार दिवसांनी काठावरचे घोस हातमोजे घालून खरवडून डब्यात घ्या आणि उकळत्या पाण्यात बुडवा. घोस फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढी सवड मिळते. हौस म्हणून ठेवायच्याच असतील तर घरात, झाकण असलेल्या टँकमध्ये.

माझ्या टबमध्ये सध्या जावा मॉसची एक जुडी आहे. आज तिचा एकोणिसावा दिवस. तुरटीतून काढल्यानंतर बाराव्या दिवशी टबच्या कोपऱ्यात राईएवढं एक पिल्लू दिसलं, शंखाचं तोंड डावीकडे. काढलं, तुरटी पुन्हा दिली आणि चार आठवडे पहिल्यापासून मोजायला घेतले.